पॅसेज तीस मीटरचा

"बोलू नकोस, पोरी. मोजतोय मी."

बाबांनी हे चालता चालताच, मानसुद्धा न वळवता सांगितलं, आणि घड्याळ घेऊन उभी असलेली फिजिओ मुलगी उघडं तोंड तसंच ठेवून गप्प झाली. बिचारीचं ते कामच होतं. दर मिनिटाला म्हणायचं, छान चाललंय आजोबा, आता इतकी मिनिटं राहिली. तिच्या कागदावर तसं छापलेलंच होतं. पण पावलं मोजत चाललेल्या माणसाला मध्येच टोकायचं नसतं, हे कुठल्या कागदावर छापणार?

हॉस्पिटलच्या तळमजल्यावरचा लांबलचक पॅसेज. रस्ता खणताना ठेवतात तसला एकेक नारिंगी शंकू दोन्ही टोकांना. एका शंकूपासून निघायचं, दुसऱ्याला वळसा घालून परत यायचं, असं सहा मिनिटं. जमेल तेवढं भरभर चालायचं, पळायचं नाही. दम लागला तर भिंतीला टेकायची मुभा, पण घड्याळ थांबणार नाही. माणसाचं हृदय आणि फुप्फुसं किती तग धरतात ते एवढ्यावरून कळतं म्हणे. सायकलवर बसवून तोंडाला मुखवटा लावायची मोठी तपासणीही असते, पण एक्क्याण्णव वर्षांच्या माणसाला सायकलवर चढवायचं कुणी आणि उतरवायचं कुणी?

भिंतीकडच्या बाकावर तिघं बसले होते. या टोकाला थोरला, पोट मांडीवर घेऊन. मध्ये त्याची बायको. त्या टोकाला धाकटी, म्हणजे थोरल्याची बहीण. गेल्या महिन्यापासून भाऊ-बहीण एकमेकांशी वहिनीमार्फत बोलत होते, त्यामुळे मधली जागा तिचीच.

भांडण सरळ होतं. आई गेल्यापासून बाबा तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत होते. चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. धाकटी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. तिचं म्हणणं, माणूस आपल्या घरात आहे, खातोय-पितोय, राहू दे तिथेच. थोरल्याचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावर. त्याचं म्हणणं, एक दिवस जिन्यात कोसळतील, मग काय करशील? दोघांनी मिळून डॉक्टरांचं डोकं खाल्लं तेव्हा ते बोलता बोलता म्हणाले की या वयात सहा मिनिटांत तीनशे मीटर चालले तर मी त्यांना शाबासकी देईन. झालं. या घराला आकडा मिळाला की दुसरं काही लागत नाही. त्याच संध्याकाळी फोनवर ठरलं: तीनशे भरले तर बाबा वरच राहणार, नाही भरले तर थोरल्याकडे येणार. बाबांनीच शब्द दिला. "मोजून ठरलेलं मला मान्य," म्हणाले. तेव्हापासून धाकटी रोज सकाळी त्यांना गच्चीवर फेऱ्या मारायला लावत होती, आणि हे थोरल्याला कळल्यावर त्याने बायकोमार्फत निरोप पाठवला होता, की पेपर फोडणं म्हणतात याला.

"हळू चालतायत," थोरला बायकोच्या कानाशी म्हणाला.

"त्यांना सांगा, वहिनी, की एकसारखं चालतायत," धाकटी पलीकडून म्हणाली. "हळू आणि एकसारखं यात फरक असतो."

ते खरं होतं. बाबांनी चाळीस वर्षं जमिनीची मोजणी केली. साखळी, खुंट्या, उन्हातान्हात माळ तुडवायचे, आणि साखळी टाकायच्या आधी पावलांनी अंदाज घ्यायचा. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं. ना तसूभर कमी, ना जास्त. घाई केली की पाऊल फसतं, हे त्यांनी मुलांना पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. थोरल्याच्या खोलीतलं कपाट घ्यायचं तेव्हा बाबा भिंतीकडेने एकदा चालले, सुताराला आकडा सांगितला, आणि कपाट असं बसलं की मागे कागद सरकेना. या घरात बाबांच्या पावलावर टेप लावणं म्हणजे त्यांना खोटं पाडणं, आणि तसं आजवर कुणी केलं नव्हतं.

थोरला पाहत राहिला. पाठ ताठ, हात थोडे मागे, ओठ हलतायत. छाती वरखाली होत होती, पण तोंड मिटलेलं. थोरल्याने नकळत आपलंही तोंड मिटून बघितलं आणि दोन श्वासांतच उघडलं. हॉस्पिटलच्या फाटकापासून इथवर चालला होता, त्याला पाऊण तास होऊन गेला होता.

बाबांना खाली आणायचं खरं कारण ते होतं. पस्तीस वर्षं बस चालवत सीटवर बसून काढलेली, वर हे पोट. गेल्या वर्षी बाबांकडे निघाला तो बावीस पायऱ्यांनंतर जिन्यातच बसला. डोळ्यांपुढे काजवे. वरून कुणी येऊ नये एवढंच मनात. नंतर तो उतरला, आणि गाडी लावायला जागा नाही असा बायकोला वर फोन करायला लावला. तेव्हापासून दर रविवारी तीच डबा घेऊन वर जाते आणि हा खाली स्कूटरवर बसून राहतो. दीड वर्ष झालं. बाबांना वाटतं, थोरला रुसलाय.

"थांबा, आजोबा! वेळ संपली."

बाबा थांबले. मुलीने पळत जाऊन त्यांच्या मागे खुर्ची ठेवली, पायांशी फरशीवर खडूची खूण केली, बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या चिमट्यावरचा आकडा बघितला, दंडाला पट्टा गुंडाळला.

"दम किती लागलाय, आजोबा? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे यापेक्षा जास्त शक्यच नाही."

"पट्टी दाखव."

"कसली पट्टी?"

"आकडा विचारतेस तर पट्टी नको? नुसतं तोंडाने दहा म्हणायला मी काय भाजी घेतोय?"

मुलीने आकड्यांचा कागद पुढे धरला. बाबांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"अडीच."

"अडीच नाहीये यात. दोन किंवा तीन सांगा."

"मग पट्टी जाड आहे तुझी. तीन लिही."

धाकटी फिस्सकन हसली. थोरलाही हसला, मग बहीण हसतेय म्हणून थांबला. मुलीने कागदावर हिशेब केला.

"नऊ खेपा आणि वर सहा मीटर. दोनशे शहात्तर मीटर."

धाकटीचा चेहरा उतरला. थोरल्याच्या छातीत काहीतरी मोकळं झालं आणि लगेच त्याची त्यालाच लाज वाटली.

"साडेतीनशे," बाबा म्हणाले.

"नाही आजोबा, दोनशे..."

"नऊ खेपा बरोबर. प्रत्येक खेप पन्नास पावलं. पन्नास गुणिले अडीच, सव्वाशे फूट. वर दहा पावलं, म्हणजे पंचवीस फूट. एकूण साडेअकराशे फूट. त्याचे मीटर कर."

मुलीने फोनवर केले. "तीनशे पन्नास. पण आजोबा, हा पॅसेज तीस मीटरचा आहे. सव्वाशे फूट म्हणजे अडतीस होतात."

"मग अडतीसचा असेल."

"तीसचाच आहे. खुणा केल्यात फरशीवर. वर्षभर सगळे पेशंट इथेच चालवतोय आम्ही."

"मग वर्षभर सगळ्यांचं चुकलंय," धाकटी उठून म्हणाली.

"चुकणारच!" हा थोरला. तोही उठला. "फरशी मोजून शंकू ठेवले असतील, फरशी काय सारखी असते? बाई, बाबांनी सव्वाशे म्हटलं की सव्वाशे. सरकारी मोजणी बदलून घेतलीय त्यांनी, तुमचा पॅसेज काय घेऊन बसलात!"

बायकोने त्याचा शर्ट मागून ओढला. "अहो, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात? सव्वाशे निघाले तर मामंजी वरच राहणार."

"ते नंतर बघू. माप ते माप."

धाकटीने महिन्यात पहिल्यांदा भावाकडे सरळ बघितलं. "दादा, टेप मागव."

दुरुस्ती विभागातला सुतार आला. त्याच्याकडे तीस मीटरची लांब फीत होती. ती बाबांनी हातात घेतली, शून्य कुठून सुरू होतो ते नखाने तपासलं, कडी झिजलीय का बघितलं, आणि ते टोक स्वतः शंकूपाशी धरून बसले. उकिडवे. एक्क्याण्णव वर्षांचा माणूस, नुकतीच सहा मिनिटं चाललेला. मुलगी "आजोबा, आजोबा" करत राहिली. दुसरं टोक थोरल्याने नेलं.

"ताण," बाबांनी ओरडून सांगितलं.

"ताणलीय."

"झोळ पडलाय का मध्ये?"

"नाही बाबा. ताठ आहे."

"वाच."

थोरल्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. शंकू होता बरोबर फितीच्या शेवटी. तिथे काळा आकडा. त्याने परत वाचला. आणि त्याच्या मनात आलं, अडतीस म्हणावं. कोण तपासायला येतंय? बाबा वर राहतील, बहीण बोलायला लागेल, बाबांचं पाऊल खरं ठरेल. मग लक्षात आलं, फीतच तीसची. आणि फीत साठची असती तरी त्या माणसाला खोटं माप सांगायला त्याची जीभ वळली नसती.

"तीस," तो म्हणाला.

बाबांनी फितीचं टोक सोडलं. भिंतीला हात लावून उठले. थोडा वेळ फरशीकडे बघत उभे राहिले. मग पुन्हा निघाले, या शंकूपासून त्या शंकूकडे, या वेळी आवाज काढून मोजत. पॅसेजमधले दोन पेशंट बाजूला सरकले. थोरल्यापाशी पोचले तेव्हा पन्नास झाले होते. परत फिरले. पन्नास. अजून एकदा निघाले.

"बाबा, पुरे," धाकटी म्हणाली.

"तीनदा घेतात. एकदा घेऊन सरासरी निघते का?"

तिसऱ्या खेपेलाही पन्नासच. बाबा खुर्चीत बसले.

"साठ सेंटिमीटर," ते कुणाकडे न बघता म्हणाले. "जेमतेम दोन फूट. पाऊल आखडलंय."

मग थोड्या वेळाने, "किती वर्षं झाली असतील?"

कुणाला काय सांगता येणार? थोरल्याला आठवलं, दोन-तीन वर्षांपासून बाबा तक्रार करायचे की इमारतीच्या आवारात नवी फरशी टाकली तेव्हापासून फाटक लांब गेलंय, बारा पावलं वाढलीत, काहीतरी गडबड केलीय त्या लोकांनी. सगळे हसायचे. हसता हसता मान्यही करायचे. धाकटीचा नवरा तर म्हणाला होता, केली असेल, काय सांगावं. फाटक सरकलं असेल हे पटत होतं, पण बाबांचं पाऊल सरकलं असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"थोरल्या," बाबा म्हणाले, "खोली तयार आहे ना?"

तेवढ्यात डॉक्टर आले. मुलीने त्यांच्या हातात कागद दिला आणि कानात बरंच काही सांगितलं. डॉक्टर कागद वाचता वाचता हसायला लागले.

"आजोबा, हे तपासणीनंतर अजून तीन खेपा कुणी सांगितल्या होत्या?"

"मोजणी होती."

"बरं. ऐका. ठोके सुरुवातीला चौऱ्याहत्तर, शेवटी एकशे दोन, दोन मिनिटांत परत ऐंशीच्या खाली. रक्तातला ऑक्सिजन शहाण्णववरून चौऱ्याण्णव, बस. एकदाही थांबला नाहीत. तुमच्या वयाला हृदय आणि फुप्फुसं फार चांगली आहेत. पावलं लहान झालीत ती मांड्यांनी आणि कमरेने. त्याला व्यायाम देतो. जिना चढा, कठडा धरून, दर मजल्यावर मिनिटभर थांबून."

"पण तीनशे भरले नाहीत."

"कसले तीनशे?"

धाकटीने सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, ते मी सहज बोललो. ही काय शाळेची परीक्षा आहे का, पास-नापासाची?"

"ऐकलंत, बाबा?" धाकटीला जोर चढला. "डॉक्टरच म्हणतायत. चला घरी."

"तुम्ही सहज बोललात, डॉक्टर. मी सहज बोललो नव्हतो," बाबा म्हणाले. "तीनशे ठरले होते. दोनशे शहात्तर भरले. माप माझ्या बाजूचं नाही म्हणून मोडायचं, असं मी कधी केलं नाही. आणि पायाची खात्री नसलेल्या माणसाने चोपन्न पायऱ्यांवर राहू नये. थोरल्या, रविवारी सामान ने."

थोरल्याला हवं होतं ते सगळं एका वाक्यात मिळालं होतं. बाबा त्याच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. सकाळचा चहा एकत्र. दीड वर्षात त्याने बापाचा चेहरा आज सकाळी पहिल्यांदा जवळून बघितला होता. आता "हो" म्हणायचं तेवढं बाकी. शेजारी बायको बोटं एकमेकांत घालून बसली होती. तिला सगळं माहीत होतं आणि ती एक शब्द बोलणार नव्हती. म्हणजे बोलायचं त्यालाच.

"बाबा, तुमच्यासाठी नाही मागितलं मी," तो म्हणाला.

"काय?"

"तुम्ही पडाल म्हणून नाही. मला चढवत नाही तो जिना. बावीस पायऱ्यांवर बसतो मी. म्हणून येत नाही वर. गाडीला जागा बिगा सगळं खोटं. खाली बसून असतो दर रविवारी."

धाकटी गर्रकन वळली. "दीड वर्ष? दादा, आणि मी तुला काय काय बोलले! वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"मला शपथ घातली होती," वहिनी म्हणाली. "आणि रात्री आडवं झालं की दम लागतो, दोन उशा लागतात त्यांना. तेही सांगा डॉक्टरांना."

डॉक्टरांचं हसू थांबलं. त्यांनी थोरल्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, पायांवरची सूज बोटाने दाबून बघितली. बोटाचा खळगा तसाच राहिला. "घरी नंतर जायचं. आधी तुमचा कार्डिओग्राम आणि रक्त. आत्ता. उद्या नाही, रविवारी नाही."

बाबा सगळं ऐकत होते. त्यांनी थोरल्याला जवळ बोलावलं आणि शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"मोजणीला सुरुवातीची खुंटीच चुकीच्या जागी ठोकली असेल तर काय करतात?"

"रद्द करतात," थोरला म्हणाला. लहानपणी शिकवलेलं.

"मग रद्द. मी पडेन म्हणून ठरलं होतं ना ते सगळं? ती खुंटीच खोटी." मग त्यांचा आवाज चढला. "अरे गाढवा, सांगायचं होतंस. मी रोज दोनदा उतरतो की खाली!"

थोरल्याच्या तपासण्या होईपर्यंत चार वाजले. तीन चिठ्ठ्या, गोळ्या, आणि परवा परत यायचं. दाखल करायची वेळ आली नाही, पण अजून महिना काढला असता तर आली असती, असं डॉक्टर स्पष्ट बोलले. टॅक्सी इमारतीपाशी थांबली. धाकटी बाबांना घेऊन जिना चढायला लागली, मागून वहिनी पिशवी घेऊन. थोरला खालच्या दुसऱ्या पायरीवर बसला. आज खोटं सांगायला कुणी नव्हतं, त्यामुळे तो आरामात बसला.

वरून आवाज येत होते. चपला, कठड्यावर अंगठी लागल्याची टकटक, पहिल्या मजल्यावर मुक्काम, धाकटीचं "झालं का मिनिट?", बाबांचं "घड्याळ तुझ्याकडे आहे." परत चपला. दुसरा मजला. मुक्काम. मग तिसरा, कुलूप, दार.

थोड्या वेळाने वरच्या कठड्यावरून हाक आली.

"थोरल्या! गेलास का?"

"नाही बाबा. इथेच आहे."

"थांब तिथेच. चष्मा बदलून येतो."

"बाबा!" धाकटी वरून किंचाळली. "आत्ता चढलात ना तुम्ही!"

"मग? उतरायचंच राहिलंय."

"राहू द्या बाबा, उद्या बघू," थोरला ओरडला, पण ओरडता ओरडता त्याला खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत वर चपला वाजायला लागल्या होत्या, सावकाश, एकसारख्या. त्याने खिशातला रुमाल काढला आणि आपल्या शेजारची पायरी झटकली.